पेटंटचं टेन्शन घेऊ नको, सुरुवातीला एवढंच बघ

अरे सोलापुरात बसून मालदांडी ज्वारीवर जीएमचं (जनुकं बदलायचं) काम करायचंय म्हणतोस, भारी! पहिली चूक सगळेच करतात, बियाण्यालाच पेटंट आहे असं धरून चालतात. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) मुळे झाड, बियाणं, वाण याला पेटंट मिळतच नाही, वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. पण जीन, प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा), जीन आत घालायची पद्धत यावर असू शकतं, गोल्डन राइसमध्ये (व्हिटॅमिन ए साठी बनवलेला जीएम तांदूळ) तर अशी ७० च्या आसपास पेटंटं निघाली होती.

दुसरं,
- एमटीए (दुसऱ्या लॅबकडून जैविक सामग्री घेतानाचा करार) न वाचता सही ठोकू नको. प्लास्मिड (जीन वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा) फुकट येतं पण करारात 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं असतं आणि वाण शेतकऱ्याला द्यायच्या वेळी गाडी अडकते (मी दोन वर्षं लटकलोय).
- पेटंट देशापुरतं, अर्जापासून २० वर्षं. भारतात चालू आहे का ते आधी बघ.

लायसन्सचं नंतर बघू.