आवाज बाबांचा, शब्द कुणाचे?

प्रश्न : वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांचे चाळीसेक व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहेत. ते एका ॲपला दिले की ॲप बाबांच्या आवाजात आईशी गप्पा मारेल, असं धाकटा भाऊ म्हणतो. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. काय करावं?

उत्तर : खटकतंय ते उगाच नाही.

चाळीस मेसेज लागणारही नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दाखवलेल्या प्रणालीला ३ सेकंदांचा नमुना पुरत होता. ओपनएआयने मार्च २०२४ मध्ये १५ सेकंदांवर चालणारं साधन दाखवलं, आणि गैरवापराच्या धास्तीने ते सर्वांना खुलं करायचं टाळलं. तेव्हा आवाज हुबेहूब येईल, त्यात शंका नको. शब्द मात्र यंत्राने अंदाजाने जुळवलेले. एखाद्या रात्री आईने विचारलं, 'अहो, घराचे कागद धाकट्याच्या नावावर करू का?' यंत्र गप्प बसणार नाही. बाबांच्या स्वरात काहीतरी सांगून मोकळं होईल. मग तो शब्द कुणाचा मानायचा?

दुसरी भीती आईच्या कानांची. २०२४ मध्ये हाँगकाँगमध्ये उघड झालेल्या प्रकरणात, व्हिडिओ बैठकीत यंत्राने तयार केलेल्या वरिष्ठांच्या बनावट चेहऱ्यांवर आणि आवाजांवर विसंबून एका कर्मचाऱ्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. रोज पैशांचे व्यवहार बघणारं माणूस फसलं. इथे तर आपणच आईला बनावट आवाजावर विश्वास ठेवायची सवय लावणार! शिवाय पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. आवाजाचं तसं नाही.

बाबांना आता विचारता येत नाही. पण आईला विचारलंत का? तुमच्या पत्रात दोघा भावंडांची मतं आहेत, तिचं नाही. 'हे यंत्र आहे, बाबा नव्हेत' असं स्पष्ट सांगून विचारा. ती नको म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली, तरी मी आधी मूळ मेसेजच ऐकवेन. त्यांच्या प्रती मात्र आजच दोन ठिकाणी काढून ठेवा. फोन कधी दगा देईल नेम नाही.

माझ्याकडे थोरल्या बहिणीचं एक रेकॉर्डिंग आहे. मध्येच ती खोकते, 'अगं थांब, दार वाजतंय' म्हणते आणि निघून जाते. पुढची अकरा सेकंदं नुसती चपलांची फटफट. यंत्राने ती गोंगाट म्हणून पुसली असती. मी ती दर वेळी शेवटपर्यंत ऐकते.