बिझनेस ॲनालिस्ट (बीए) मंडळींचा गट जमवायचा कसा?

प्रश्न : सर, सांगलीत विश्रामबागला आमची सॉफ्टवेअर कंपनी आहे. साखर कारखाने, पतसंस्था आणि विकास सोसायट्या अशा तिघांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. ग्राहकाची गरज समजून घेऊन सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहून देणारे बिझनेस ॲनालिस्ट (बीए) आम्ही नऊ जण, पण तीन टीममध्ये विखुरलेले. एकाने शोधून काढलेलं दुसऱ्याला कळत नाही. गट करावा म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तर त्यावर आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. एचआर म्हणतं, महिन्याला ट्रेनिंग ठेवू आणि हजेरी सक्तीची करू. साहेब विचारतात, यातून कंपनीला मिळणार काय? सुरुवात कुठून करू? आणि सगळ्यांनी सर्टिफिकेशन करावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, एचआरच्या ट्रेनिंगला तूर्त नाही म्हणा. हजेरी सक्तीची झाली की माणसं येतात, सही करतात आणि घड्याळ बघत बसतात. तुम्हाला हवी आहे ती अडलेलं काम चार जाणत्या माणसांपुढे मोकळेपणाने मांडता येईल अशी बैठक. तिथे भाषण नको, पीपीटी नको.

पहिल्या बैठकीचा विषय तर तुमच्याकडे आयता आहे. ऊसबिलातून सोसायटीच्या कर्जाची वसुली कापली जाते. ही कपात कारखान्याच्या टीममधल्या बीएने लिहिली असणार आणि तिची जमा सोसायटीच्या टीममधल्या बीएने. या दोघांनी एकमेकांचं डॉक्युमेंट कधी वाचलंय का, विचारून बघा. उसाची नोंद बायकोच्या नावावर आणि कर्ज नवऱ्याच्या, तर कपात होणार का? होणार असेल तर संमतीपत्राची नोंद कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये राहणार? बिल हप्त्याने निघालं, तर वसुली पहिल्याच हप्त्यात पूर्ण घ्यायची की विभागून? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ते व्याज काढायची तारीख कारखान्याच्या बाजूला आहे. पण शेतकऱ्याच्या कर्जावरचं व्याज कधी थांबवायचं? कारखान्याने कपात केली त्या दिवशी, की रक्कम सोसायटीच्या खात्यावर आली त्या दिवशी? मधले दिवस कुणाच्या माथी? या प्रश्नाचं उत्तर दोन डॉक्युमेंटांत दोन प्रकारे लिहिलेलं असेल, तर भुर्दंड शेतकऱ्याला बसतो आणि तक्रार तुमच्या सपोर्टकडे येते.

दोन्ही डॉक्युमेंटं छापून टेबलावर शेजारीशेजारी ठेवा. स्क्रीनवर एक माणूस दाखवतो आणि बाकीचे बघतात, कागदावर सगळेच पेन चालवतात. दीड तास पुरे.

पुण्यात बँकेच्या प्रकल्पांवर असताना आमची अशीच बैठक असे. नियम इतकाच, की अर्धवट काम आणायचं आणि इतरांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला नंतर. एकदा एका नव्या मुलीने ठेवीदाराच्या मृत्यूनंतर मुदत ठेव कशी द्यायची, याचा फ्लो मांडला. आकृती नेटकी होती, सगळ्यांना पटलीही. एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "नॉमिनी अल्पवयीन असेल तर?" आकृतीत तो रस्ताच नव्हता. कुणी काही बोललं नाही. तिने पेन्सिलने तिथे एक चौकट काढली, तीत प्रश्नचिन्ह घातलं आणि दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन अधिकाऱ्यांकडून पालनकर्त्याच्या कागदपत्रांची सगळी रीत लिहून आणली. पुढे तो प्रश्न आमच्या सामाईक वहीत गेला आणि ठेवींचं काम कुणाकडेही आलं तरी तो विचारला जाऊ लागला.

तुम्हीही अशी प्रश्नांची वही ठेवा. डॉक्युमेंटचा एकच ठरावीक नमुना, म्हणजे कॉमन टेम्पलेट, करण्याच्या मागे आत्ता लागू नका. रकाने कोणते असावेत यावर नऊ जणांचे नऊ मतभेद होतील आणि त्यातच पावसाळा संपेल. वर्षभर एकमेकांचं वाचलं की लिहिण्याच्या पद्धती बऱ्याच जवळ येतात, टेम्पलेट तेव्हा करा.

अमेरिकेत ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर राहून त्यांचं काम पाहिलं. मॅन्युअल त्यांच्याकडे होतीच. पण अवघड बिघाड उलगडायला त्यांना आधार व्हायचा तो जेवताखाता एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींचा. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये एकच काम करता करता एकमेकांकडून शिकणाऱ्या अशा मंडळींना 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' म्हटलं. साहेबांना हे जरूर सांगा, कारण तुम्ही मागताय ती गप्पांची सवड नाही, कामाचाच भाग आहे.

साहेबांचा प्रश्न मात्र रास्त आहे, त्याला आकड्यानेच उत्तर द्या. गेल्या हंगामात गो-लाइव्हनंतर, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आल्यावर, आलेल्या चेंज रिक्वेस्ट (बदलाच्या मागण्या) काढा आणि त्यातल्या किती आधी एक प्रश्न विचारला असता तर टळल्या असत्या, ते मोजा. पुढच्या हंगामानंतर पुन्हा मोजा. मागायचं इतकंच : पंधरवड्याला दोन तास टाइमशीटवर आणि गट सांभाळणाऱ्याला थोडा जादा वेळ. ऑफिस सुटल्यावर बैठका ठेवाल तर ज्यांना घरी लहान मुलं आहेत त्या बायका आधी गळतील, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

एक अट मात्र पक्की घाला. या बैठकीत मॅनेजर बसणार नाहीत आणि इथलं बोलणं अप्रेझलमध्ये निघणार नाही. अर्धवट काम मांडलं आणि ते मार्चमध्ये अंगावर आलं, की पुढच्या वेळी सगळे फक्त झालेलं, सजवलेलं काम आणतील.

वेळही बघा. दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची टीम हाती लागणार नाही आणि मार्चअखेरीला पतसंस्थेची. मे महिना बरा. हंगामातल्या अडचणी तेव्हा ताज्या असतात.

सर्टिफिकेशनचं थोडक्यात सांगतो. २००३ मध्ये टोरांटोत स्थापन झालेल्या आयआयबीए (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस ॲनालिसिस) या संस्थेच्या परीक्षा जगभर चालतात. त्यातल्या अनुभवी मंडळींसाठीच्या सीबीएपीला गेल्या १० वर्षांतला ७,५०० तासांचा अनुभव लागतो, नवख्यांसाठीच्या ईसीबीएला अनुभवाची अट नाही. ज्याला हवं त्याने करावं, सक्ती नको. तासांची नोंद मात्र सगळ्यांनी आजपासून ठेवा, मागाहून जुळवायला जड जाते.

आणि गट नऊ जणांवरच थांबवू नका. हंगामभर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणारा तुमचा इम्प्लिमेंटेशनचा, म्हणजे सॉफ्टवेअर तिथे बसवून चालू करून देणारा, मुलगा असेलच. ट्रॅक्टरच्या दोन ट्रेलरपैकी एक वाटेत मोडला आणि दुसऱ्या दिवशी आला, तर वजनाच्या पावतीचं काय करतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच्या पदनामात बीए नाही, तरी पहिल्या बैठकीचा निरोप त्यालाही द्या, आणि तो साइटवर असेल तर फोन स्पीकरवर ठेवा.