पोळी-भाताला रोजच्या जेवणात पर्याय काय? ज्वारीची भाकरी सुरू केली की पुरे का?

तुम्ही विचारलं आहे की आईंची रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ आली, डॉक्टरांनी ‘पोळी-भात कमी करा’ एवढंच सांगितलं, घरी मात्र दोन्हीशिवाय जेवण पूर्ण होत नाही. मग पोळीऐवजी दोन ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या तर भागेल का?

दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी, असं केलं तर भागणार नाही. उलट साखर वाढू शकते. आकडे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कणकेत कर्बोदकं साधारण ६४ ग्रॅम, ज्वारीत ६८, बाजरीत ६२, नाचणीत ६७ आणि पॉलिश केलेल्या तांदळात ७८. गहू, ज्वारी आणि नाचणी यांच्यात तंतुमय भागाचाही फार फरक नाही. प्रत्येकी १०-११ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे धान्य बदलून थोडंफार मिळतं, पण खरा फरक वजनाचा. घरातली नेहमीची पोळी ३५ ग्रॅम कणकेची असते, तिच्यात २२ ग्रॅम कर्बोदकं. तव्याएवढी थापलेली भाकरी सहज ८० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे ५४ ग्रॅम. एक भाकरी जवळजवळ अडीच पोळ्यांएवढी झाली!

म्हणून पहिलं काम वजनकाटा. दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल काटा आणा आणि आठवडाभर कणीक, तांदूळ, पोहे, साबुदाणा सगळं कोरडं असतानाच मोजा. नंतर हाताला अंदाज येतो, काटा बाजूला ठेवला तरी चालतो. दोन पोळ्या, एक वाटी शिजलेला भात (१५० ग्रॅम) आणि बटाट्याची भाजी, एवढ्यात शंभर ग्रॅमच्या वर कर्बोदकं जातात. त्याच ताटात ५० ग्रॅम पिठाची एक छोटी भाकरी, दीड वाटी मटकीची उसळ, वाटीभर मेथी किंवा चवळईची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक घेतलं तर ६० च्या आसपास येतात, आणि पोट तेवढंच भरतं. पर्याय शोधायचा तो ताटातली पीठ-भाताची जागा उसळ, डाळ आणि भाजीला देण्यासाठी. एक पीठ काढून दुसरं घालण्यात फारसा अर्थ नाही.

आता भाकरीबद्दल, कारण ती करायचीच आहे आणि चांगलीच आहे. शाळू (रब्बीची) ज्वारी घ्या, त्यातलं मालदांडी वाण मिळालं तर उत्तम. दळण पंधरा दिवसांपुरतंच आणा. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि तिला सांधायला आपण नकळत पीठ वाढवत जातो. छोट्या भाकरीसाठी ५० ग्रॅम पीठ, जवळपास तेवढंच नुकतं उकळलेलं पाणी. आधी चमच्याने कालवा, हाताला सोसवेल इतपत झालं की तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं चांगलं मळा. मळण्यात कसूर झाली की भाकरी फुगत नाही. पिठातच मूठभर बारीक चिरलेली मेथी किंवा पालक आणि एक चमचा बेसन घातलं तर भाकरी मऊ राहते आणि तेवढ्याच आकारात ज्वारीचं पीठ कमी लागतं. पालेभाजी धुऊन पूर्ण कोरडी करून घाला, नाहीतर थापताना पीठ परातीला चिकटतं. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, म्हणून तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडसर होतं. ती थोडी थोडीच दळून आणा.

नाचणीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यासाठी ती जरूर खावी. पण साखर आटोक्यात ठेवायला म्हणून रोज सकाळी नाचणी सत्त्वाची पातळ पेज किंवा आंबील पिणं चुकीचं आहे. बारीक दळलेलं, भरपूर पाण्यात शिजून फुललेलं पिष्ट (स्टार्च) फार लवकर पचतं आणि साखर झपाट्याने चढते. नाचणीची भाकरीच खा, ती पातळ भाजी किंवा उसळीबरोबर.

पोळी सोडायचीच नसेल तर चार भाग गव्हात एक भाग हरभरा डाळ घालून दळून आणा. यात कर्बोदकं फार घटतात असं समजू नका, ६४ वरून ६०-६१ वर येतात. प्रथिनं मात्र साडेदहावरून पावणेतेरापर्यंत जातात आणि पोळी पोटाला जास्त वेळ धरते. या पिठाची पोळी लाटताना तुटते आणि गार झाल्यावर कडक होते, कारण गव्हातला चिवटपणा डाळीमुळे कमी होतो. त्यावर उपाय म्हणजे कोमट पाणी, मूठभर कणकेला एक चमचा दही, सैलसर मळणं आणि अर्धा तास झाकून ठेवणं. घडीची पोळी न करता २५ ग्रॅम पिठाचा फुलका करा. सोयाबीन घालायचं असेल तर आधी खमंग भाजूनच आणि एकूण दळणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि त्याचा वासही कुणाला आवडत नाही. बाजारातलं ‘मल्टिग्रेन’ पीठ घेत असाल तर पाकिटामागे गव्हाचा टक्का छापलेला असतो, तो वाचून मगच पैसे द्या.

भाताचं कोडं जास्त अवघड आहे, कारण तो आपल्याकडे नुसता पोटासाठी खाल्ला जात नाही. बऱ्याच घरांत जेवणाची सुरुवातच वरण-भाताने होते. रिकाम्या पोटी सगळ्यात आधी मऊ भात पडला की साखर सगळ्यात वेगाने वर जाते. क्रम उलटा करा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा घट्ट डाळ, शेवटी अर्धी वाटी भात. तेच अन्न, तेवढंच, फक्त क्रम बदलून जेवणानंतरची साखर कमी चढते. यासाठी स्वयंपाकात काहीच बदलावं लागत नाही, म्हणून मी सगळ्यांना सुरुवात इथूनच करायला सांगेन. कोकण-गोव्याचा उकडा तांदूळ आवडत असेल तर पांढऱ्या पॉलिशच्या तांदळापेक्षा तो बरा. शिजवून गार केलेल्या भातातलं थोडं पिष्ट पचायला जड होतं हे खरं, पण त्याचा फायदा लहानसा आहे, त्याच्या भरवशावर दोन वाट्या खाऊ नयेत. आणि तो भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तासा-दीड तासात फ्रिजमध्ये गेला पाहिजे, नाहीतर त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही.

फ्लॉवरचा भात हा सध्या सगळीकडे सांगितला जाणारा पर्याय. तो चांगला होतो, पण बहुतेक जणांचा लगदा होतो. साधारण ६०० ग्रॅमचा गड्डा घ्या, तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा म्हणजे अळ्या निघून जातात. मग निथळून फडक्यावर पसरा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. ही पायरी गाळली की पुढचं सगळं बिघडतं. किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा. मिक्सर वापरणार असाल तर थोडे थोडे तुरे घालून क्षणभर फिरवून लगेच थांबवा. पसरट कढईत चमचाभर तेलावर जिरं-हिंग, मोठ्या आचेवर कीस पाच-सहा मिनिटं परता. झाकण अजिबात ठेवायचं नाही, मीठ अगदी शेवटी. आधी मीठ घातलं की पाणी सुटतं, झाकण ठेवलं की कोंडलेला उग्र वास येतो. परदेशात गोठवलेला तयार कीस मिळतो, तो वितळू न देता थेट तापलेल्या कढईत टाका.

आणि हा भात वरणाबरोबर वाढू नका. वरण त्यात मुरत नाही, खाली वेगळं पाणी साचतं आणि घरातले पुन्हा त्याचं नाव काढत नाहीत. फोडणीचा भात, मसालेभात, दहीभात यांत तो छान जातो. सुरुवातीला निम्मा खरा मोकळा भात आणि निम्मा फ्लॉवर असं करा. वरणाबरोबर मात्र खराच भात अर्धी वाटी, वर तूप आणि लिंबू.

नाश्त्याला मला मुगाचं धिरडं सगळ्यात पटतं. १०० ग्रॅम हिरवे मूग रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी फेकून द्या. दोन मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, जिरं, हिंग घालून कमीत कमी पाण्यात बारीक वाटा. यात मध्यम आकाराची सहा धिरडी होतात, एकेकात आठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि जवळपास चार ग्रॅम प्रथिनं. पीठ डावातून जाड धारेने पडलं पाहिजे. तवा फार तापला तर पीठ पसरवताना डावाबरोबर ओढलं जातं. अशा वेळी तव्यावर पाण्याचा हबका मारा, पुसून घ्या आणि मग घाला. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथणं लावायचं नाही. तरीही तुटत असेल तर वाटण भरड राहिलंय किंवा पाणी जास्त झालंय, एक-दोन चमचे बेसन घालून बघा. ज्यांना मुगाने पोट फुगतं त्यांनी सालीच्या मुगाऐवजी पिवळ्या मूगडाळीने सुरुवात करावी, ती दोन-तीन तासांत भिजते.

पोहे बंद करायची गरज नाही. ७० ग्रॅमऐवजी ३५ ग्रॅम पोहे घ्या आणि एक वाटी मोड आलेले मूग, मटार, गाजर, मूठभर शेंगदाणे यांनी बशी भरा. मूग आधी वेगळे वाफवून निथळा आणि फोडणीत पोह्यांच्या आधी घाला, नाहीतर त्यांच्या पाण्याने पोह्यांचा गिच्च गोळा होतो.

बटाटा, रताळं, सुरण, कच्चं केळं आणि साबुदाणा यांना भाजीत किंवा फराळात धरू नका, पोळी-भाताच्याच हिशेबात धरा. ज्या दिवशी बटाट्याची भाजी, त्या दिवशी भात नाही, असा साधा नियम घरात चालतो.

उपवासाचा दिवस अनेकांचा सगळ्यात वाईट जातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत ६५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. त्याऐवजी ४० ग्रॅम वरीचे तांदूळ तिप्पट पाण्यात शिजवून घट्ट दाण्याच्या आमटीबरोबर घ्या. किंवा राजगिऱ्याचं थालीपीठ करा. त्यासाठी ४० ग्रॅम राजगिरा पीठ, किसून पिळलेली दुधी किंवा तुमच्याकडे चालत असेल तर काकडी ८० ग्रॅम, दाण्याचं कूट १५ ग्रॅम, मिरची, जिरं. मीठ घातल्यावर लगेच थापा, दहा मिनिटं ठेवलंत तर पाणी सुटून पीठ वाढवावं लागतं. प्लास्टिक किंवा बटर पेपरवर थापून तव्यावर उलटा, मंद आचेवर झाकण ठेवून एक बाजू, झाकण काढून दुसरी. शिंगाड्याचं पीठ पिष्टाच्या बाबतीत धान्यासारखंच आहे, ते हलकं म्हणून जास्त खाऊ नये.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आईंना ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पोळी-भात एकदम निम्मा केल्यावर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते, औषधाचा डोस आधी बदलावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदकं जवळजवळ बंद करण्याचे प्रयोग अजिबात करू नयेत, रक्तात आम्ल वाढून रुग्णालयात जायची वेळ येऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर वर सांगितलेल्या डाळी-उसळींचं प्रमाणही तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या.

काय मानवतं हे ठरवायला ग्लुकोमीटर वापरा. एका दिवशी नेहमीचं जेवण, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बदललेलं, आणि दोन्ही वेळा पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी मोजा. जेवण संपल्यापासून नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम, भाकरीचं वजन, धिरडं सगळं एकाच दिवशी केलंत तर आकडा कशामुळे उतरला ते कळणार नाही. जेवणानंतर चालायला गेलात तर दोन्ही दिवशी जा, कारण पंधरा मिनिटांच्या चालण्यानेही तो आकडा बदलतो.