बास घुमला की अँप गप्प

प्रश्न : गाडीच्या डिकीत अँप (अँम्प्लिफायर) आणि सबवूफर (बासचा स्पीकर) मीच बसवला. आवाज चढवून बास घुमला की अँपचा लाल दिवा लागतो, सगळं बंद. अँपच गेला का?

उत्तर : इतक्यात त्याला दोष देऊ नका. अँपची काळी (अर्थची) वायर पत्र्याच्या रंगावरच कसलीय का? पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, मग कसा. (सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका!) इंजिन चालू ठेवून, बास वाजताना मल्टिमीटर अँपच्या टर्मिनलवरच धरा. १२ व्होल्टच्या खाली घसरतंय? मग वायर बारीक किंवा जोड सैल. व्होल्टेज ठीक असेल तर सबवूफरचे ओहम (विजेला होणारा अडथळा) बघा : त्याच्या ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, आणि ब्रिज केलेल्या (दोन चॅनेल एकत्र जोडलेल्या) बऱ्याच अँपना ४च्या खाली झेपत नाही. आणि अँपवरचा गेन (येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायचं बटण) म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. पहिल्या गाडीत मीही तेच पिळत बसलो होतो.