मोकळीच आहेस ना, मग…

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा, हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी बहुतेक पुरुष घेऊन येतात. बायकांना वेळ कुठे जातो ते चांगलं ठाऊक असतं. त्यातला थोडा स्वतःसाठी ठेवला तर चालेल का, हे त्यांना विचारायचं असतं आणि तेही आडून आडून. सुमनताईंनी मात्र खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, मी स्वार्थी झालेय का, एवढंच सांगा."

नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. सुमनताई ठाण्याच्या. सरकारी रुग्णालयात सिस्टर होत्या, नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्या. निम्मं आयुष्य पाळ्यांमध्ये गेलं. नाइट संपवून घरी यायचं, डबे करायचे, मुलाला शाळेत पाठवायचं आणि दुपारी बेल वाजेल तेव्हा उठायचं. सलग दोन तास पुस्तक हातात धरलंय असं नोकरीत कधी झालंच नाही. निवृत्तीनंतर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासदत्व घेतलं. १८९३ सालापासून ठाण्यात उभी असलेली ही संस्था. तिच्यावरून त्या रोज बसने जायच्या, पण आत पाऊल टाकायला निवृत्ती यावी लागली.

मग साखर थोडी वर दिसली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या चालायला लागल्या आणि तिथे एका गुलमोहराच्या वाळक्या फांदीवर त्यांना तांबट पक्षी दिसला. 'टुक टुक' आवाज वर्षानुवर्षं कानावर पडत होता, तो कुणाचा हे आत्ता कळलं. कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलाने नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन गेल्या.

ती वही त्यांनी मला दाखवली. पानावर पट्टीने आखलेले रकाने: वेळ, जागा, पक्षी, शेरा. वॉर्डातला चार्ट भरावा तसं नेटकं अक्षर. "६.५०. तांबट. भोक कोरतोय, भुसा चोचीने बाहेर टाकतोय. ७.०५. दुसरा आला, पहिला उडाला. ड्यूटी बदलली." तांबटाची जोडी खरंच आळीपाळीने घरटं कोरते, अंडीही दोघं उबवतात. पाळ्यांमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला ते बरोबर दिसलं. पुढच्या पानांवर दयाळ, नाचण, शिंपी, शिंजीर, तलावावरचा खंड्या. वही दाखवताना त्यांचा चेहरा पाहिला आणि अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं.

तरीही मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, भूक कशी आहे, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी अजून आवडतात का, रडू येतं का. कारण एकटं फिरणं आणि पुस्तकात तोंड खुपसणं हे कधी कधी माणसांपासून पळणंही असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार लागतात. सुमनताईंचं उलट होतं. त्या पहाटे गजराच्या आधी उठत होत्या.

अडचण घरात होती. यजमान निवृत्त, मुलगा-सून दोघं नोकरीला, नातू तीन वर्षांचा. "मोकळीच आहेस ना, मग…" या वाक्याने दिवसाची सुरुवात व्हायची. मग सिलिंडरवाला यायचा म्हणून थांब, बँकेत जाऊन ये, नातवाला सांभाळ. शिवाय त्या सिस्टर. नात्यात कुणाचं ऑपरेशन झालं की रात्री थांबायला यांना फोन. सोसायटीत कुणाचं बीपी बघायचं, कुणाला इंजेक्शन द्यायचं. दुर्बीण आणली तेव्हा नणंद म्हणाली, "या वयात झाडाकडे बघत उभं राहायचं? त्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं कर."

मग सुमनताई कारणं द्यायला लागल्या. चालल्याने साखर कमी होते, वाचल्याने स्मरणशक्ती टिकते, पक्षी बघितल्याने मन शांत राहतं, म्हणून मी जाते. माझ्यासमोरही त्यांनी हीच यादी वाचली. मी त्यांना थांबवलं. फायदे होतातच, त्याबद्दल वाद नाही. पण आनंदाची परवानगी औषधाच्या नावाने मागितली, की साखर नॉर्मल आली त्या दिवशी ती परवानगी संपते. सुमनताई जरा गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मागच्या महिन्यात रिपोर्ट चांगला आला तेव्हा सून हेच म्हणाली."

सूनबाईंनी त्यांना पावलं मोजणारं घड्याळ दिलं होतं. प्रेमानेच दिलं होतं. पण तांबटासमोर अर्धा तास उभं राहिलं की पावलं कुठून होणार? "आई, आज तीनच हजार? हे काय चालणं झालं?" दहा हजार पावलांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून आला, तो वैद्यकीय नियम नाही, हे मी दोघींना सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते. म्हणून सुमनताईंनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी अर्धा तास तलावपाळीला भरभर चालायचं, घड्याळ घालून. सकाळी मात्र घड्याळ घरी, दुर्बीण गळ्यात. सकाळच्या वेळेचा हिशोब कुणी मागायचा नाही.

घरच्यांना एकत्र बोलावलं तेव्हा सोपं गेलं नाही. मुलगा म्हणाला, "आई कधी बोललीच नाही." ते खरं होतं. यजमानांना वाटत होतं, आपण अडवलंय कुठे? अडवलं नव्हतं, सकाळचा चहा मात्र ती आल्यावरच होत होता. सूनबाईंची बाजू मला सगळ्यात जास्त कळली. ठाण्याहून लोकल पकडून नोकरी करणाऱ्या मुलीला सासूच्या भरवशावर मूल ठेवावं लागतं, तिच्यावर सगळा दोष टाकणं अन्यायाचं आहे. शेवटी ठरलं ते असं: सकाळी साडेआठपर्यंत सुमनताई घरात नाहीत असं समजायचं. चहा यजमान करतील. नातू दुपारी एकपर्यंत पाळणाघरात, पुढे आजीकडे. बुधवारी दुपारी त्या वाचनालयात, तेव्हा आजोबा सांभाळतील. पाळणाघराची फी पेन्शनमधून भरायला सुमनताई निघाल्या होत्या, त्याला मी ठाम नाही म्हटलं. ती फी मुलाने भरायची. आणि इंजेक्शनसाठी येणाऱ्यांना दवाखान्याचा पत्ता द्यायचा.

ही गोष्ट वाचून कुणी दुर्बीण घ्यायला निघणार असेल तर एक सांगते. जास्तीत जास्त मोठं दिसणारी घेऊ नका, हात थरथरला की पक्षी सापडत नाही. आठपट दाखवणारी, ८ × ४२ लिहिलेली, पुरते. आणि दुर्बिणीतूनही धूसर दिसत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. सुमनताईंचा मोतीबिंदू असाच लक्षात आला. वय वाढतं तसे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. शेजारचा माणूस "शिंजीर बोलतोय" म्हणतो आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही, असं झालं तर कानही दाखवा.

सुमनताई आता थंडीत फ्लेमिंगो बघायला ऐरोलीच्या खाडीवर जायचं म्हणतायत, आणि पहिल्यांदाच यजमान "मीही येतो" म्हणालेत. यावर त्या थोड्या नाराज आहेत; सोबत बोलणारं कुणी असलं की पक्षी उडतात. चहा मात्र यजमानांना जमू लागलाय. सूनबाईंचा प्रश्न शिल्लक आहे. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या पक्षी-अभ्यासकांच्या जन्मदिवसांना धरून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. सुमनताईंना त्या आठवड्यात रोज सकाळी येऊरला जायचंय, आणि पाळणाघराला दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच सुमाराला आहे. त्यासाठी पुढच्या महिन्यात सगळे पुन्हा बसणार आहोत.