जप्तीचं पत्र आलं? आधी त्यावरची तारीख वाचा

ब्रिटनमधल्या लेस्टरहून एका वाचकाने विचारलं आहे (पत्र थोडक्यात देतोय): आमचा सहा जणांचा गट एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीने संगिनीचे सामने खेळतो. वर्गणी काढून पोलंडहून सरावाच्या पाच बंदुका मागवल्या. लाकडी दस्ता, पुढे लोखंडी नळी, नळीत स्प्रिंग आणि टोकाला रबरी टोपण. भोसकलं की टोक आत सरकतं. गोळी सुटायचा प्रश्नच नाही. तरी बॉर्डर फोर्सने, म्हणजे सीमेवर माल तपासणाऱ्या सरकारी दलाने, पार्सल जप्त केलं. पत्रावर 3 सप्टेंबर आहे. आम्ही गणपतीसाठी साताऱ्याला होतो, त्यामुळे ते 18 तारखेला उघडलं. 'हे खेळाचं साहित्य आहे, कृपया परत करा' असा ईमेल लगेच पाठवला. उत्तर नाही. ही शस्त्रं ठरतात का?

उत्तर वाचकाला आधीच कळवलं आहे. इथे देतोय ते अशाच बाकीच्या पत्रांसाठी. कोणाची खुकरी अडकलेली असते, कोणाची एअरसॉफ्ट रायफल, कोणाची नाटकातली तलवार. वस्तू निराळ्या, पण गफलत बहुतेकांची तीच.

शस्त्रं ठरतात की नाही हे थोडा वेळ बाजूला ठेवा. तुमचं सगळं प्रकरण 3 ऑक्टोबर या तारखेवर उभं आहे. ब्रिटनच्या कस्टम्सच्या 1979 च्या कायद्याला तिसरं परिशिष्ट आहे. जप्ती चुकीची आहे असं ज्याला म्हणायचं आहे, त्याने नोटिशीच्या तारखेपासून एका महिन्यात तसं लेखी कळवायचं. नोटिशीच्या तारखेपासून! तुम्ही पाकीट कधी फोडलंत, तोपर्यंत ते पायपुसण्यावर किती दिवस पडून होतं, याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नाही. महिना उलटला की माल कायदेशीरपणे सरकारजमा झाला असंच धरलं जातं. मग तुमची बाजू कितीही खरी असो, ती ऐकायला कोणी बसलेलं नसतं.

'पण मी ईमेल केला की!' केलात, पण कसला? 'कृपया परत करा' ही विनंती झाली. विनंतीची वाट वेगळी आहे: जप्ती योग्यच होती असं गृहीत धरून, तरीही मेहेरबानी करा, असं तिचं स्वरूप. ती नाकारली तर फेरविचार मागता येतो, पुढे ट्रायब्युनलही आहे. पण 2011 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केलं आहे की मुदतीत हरकत घेतली नसेल, तर जप्ती बेकायदा होती हा मुद्दा ट्रायब्युनलपुढे पुन्हा उकरता येत नाही. म्हणजे तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा दाराबाहेरच राहणार. पत्रासोबत या दोन वाटांची माहिती देणारा कागद सहसा असतो. वाचक तो वाचत नाहीत आणि मग मला लिहितात.

तेव्हा आजच दुसरं पत्र लिहा. त्यात 'परत करा' नको. 'हा माल जप्तीस पात्र नाही, मी त्यावर दावा सांगतो आहे' हे साध्या शब्दांत येऊ द्या. संदर्भ क्रमांक, तुमचं नाव आणि इथला पत्ता लिहा. पुण्याच्या भावाचा पत्ता देऊ नका. दावेदार देशाबाहेरचा असेल तर त्याला इथल्या सॉलिसिटरचं नाव द्यावं लागतं आणि विनाकारण गुंता वाढतो. पत्र नोटिशीवरच्याच पत्त्यावर, पोचपावतीसह पाठवा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, तिचं मला टेन्शन आहे: वर्गणी. जप्तीच्या वेळी माल आपल्या मालकीचा होता, अशी शपथ दावेदाराला कोर्टात घ्यावी लागते. ती नीट झाली नाही तर निकाल थेट विरुद्ध जातो. पाचाहून जास्त मालक असतील तर त्यांच्यातल्या दोघांनी शपथ घ्यायची, अशी तरतूद आहे, आणि तुम्ही सहा जण आहात. ऑर्डर कोणाच्या नावाने, पैसे कोणाच्या खात्यातून, हे कागद आत्ताच एका जागी करा.

आता बंदुकांकडे वळू. रबरी टोपणाचा तुम्ही तीनदा उल्लेख केला आहे. ते टोपण विसरा, अधिकाऱ्याने संगिनीकडे पाहिलेलंच नाही. त्याने तिच्या मागची बंदूक पाहिली. 2006 च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्टप्रमाणे खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक ग्रेट ब्रिटनमध्ये आणणं हा गुन्हा आहे आणि ती जप्तीला पात्र आहे. गोळी सुटते की नाही हा तिथे प्रश्नच नाही. प्रश्न दिसण्याचा आहे, आणि तोही आधुनिक बंदुकीसारखं दिसण्याचा. जिची रचना आणि यंत्रणा 1870 पूर्वीच्या धर्तीची आहे हे दिसण्यावरून कळतं, ती बंदूक या कायद्याच्या लेखी आधुनिक नाही. तुमच्या पाचांचे दोन ढीग होतात ते इथेच.

फोटोंवरून तीन बंदुका 1853 च्या एनफिल्डच्या नकला दिसतात. दस्त्याच्या बाजूला बाहेरून घोडा, नळीखाली गज, लांबलचक लाकूड. 1857 साली जिच्या काडतुसांवरून भडका उडाला, तीच ही बंदूक. नळीत स्प्रिंग घातली म्हणून तिचं वय बदलत नाही. या तिघींसाठी जरूर भांडा. विक्रेत्याचं वर्णन, चारी बाजूंचे फोटो आणि मूळ 1853 च्या बंदुकीचं संग्रहालयातलं चित्र शेजारी ठेवा. बिलावर नुसतं 'रायफल' लिहिलं असेल तर विक्रेत्याकडून नमुन्याचं नाव लिहून घ्या.

उरलेल्या दोन ली-एनफिल्ड या बऱ्याच नंतरच्या रायफलच्या धर्तीच्या आहेत. खाली दहा गोळ्यांच्या पेटीचा आकारही हौसेने कोरून घेतलाय. 1870 च्या अलीकडे की पलीकडे, हा वाद इथे होऊच शकत नाही. त्यांच्यापायी बाकीच्या तिघी बुडवू नका. दावा फक्त तिघींपुरता करता येतो. (मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश सैन्याची रायफल असती तर मजा आली असती. सैन्यात ती 1871 ला आली, पण तिच्यासारखी खाली झुकणारी खिटी पीबॉडी या अमेरिकन संशोधकाने 1862 मध्येच आणली होती. मी तो मुद्दा लढवला असता, जिंकलोच असतो असं नाही.)

ऐतिहासिक प्रसंगांच्या प्रयोगांसाठी कायद्यात सूट आहे, हे तुम्ही कुठेतरी वाचलंय. आहे, आणि गतकाळातली वागण्याची तऱ्हा दाखवणारा कार्यक्रमही तिच्यात येऊ शकतो. पण ती सूट आरोपीचा बचाव म्हणून लिहिलेली आहे, शिवाय आयोजकाचा विमा लागतो. दर बुधवारी हॉलमध्ये बंद दाराआड केलेला सराव 'कार्यक्रम' ठरेल का, याची खात्री मी देणार नाही.

दावा गेल्यावर प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर येईल. ते दिवाणी स्वरूपाचं असतं, पण हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. तारीख लवकर मिळेल अशी आशा धरू नका. इथली कोर्टंसुद्धा आता आपल्या जिल्हा न्यायालयांच्या चालीने चालतात.

पुढच्या वेळी निळ्या रबरी बंदुका मागवून घरी तपकिरी रंगवल्या तर चालेल का, असंही विचारलंय. नाही चालणार! भडक निळा, नारिंगी, पिवळा असे रंग हीच तर त्यांची सुटका आहे. ली-एनफिल्डच्या आकाराच्या बंदुकीचा तो रंग झाकून ती खऱ्यासारखी करणं हा 2006 च्या कायद्याच्या त्याच कलमात वेगळा लिहिलेला गुन्हा आहे. 1853 च्याच धर्तीच्या मागवा, नाहीतर निळ्या निळ्याच राहू द्या. आणि काहीही असलं तरी बसने नेताना पिशवीत बंद ठेवा; नकली बंदूक सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगण्यावर 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टचं निराळं कलम आहे.

पुण्यात प्रात्यक्षिक करायचं म्हणता, तो बेत सध्या राहू द्या. भारतातल्या 2016 च्या आर्म्स रूल्सच्या यादीत संगिनीचं नाव स्वच्छ छापलेलं आहे. रबरी टोकाची संगीन खेळणं ठरेल असा युक्तिवाद करता येईल, पण विमानतळाच्या काउंटरवर उभं राहून नाही.