वाचकांचे प्रश्न : बोमा, वाघर आणि पिवळी वही

आफ्रिकेतले गावकरी आणि वन्यप्राणी यांच्यावरचा गेल्या अंकातला लेख वाचून सोलापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यांतल्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

आमची मेंढरं रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या फिरत्या वाड्यात, बसतात. लांडगा खालून शिरतो आणि एका रात्रीत चार-पाच मारून जातो. केनियातले मसाई सिंहापासून गुरं राखतात, तसलं कुंपण इथं चालेल का?
– एक मेंढपाळ, नान्नज परिसर

मसाईंच्या गोल काटेरी वाड्याला बोमा म्हणतात. सिंह त्यात उडी मारतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. त्याचा वास लागला की गुरं बिथरतात, आतूनच काटे मोडून बाहेर पळतात आणि अंधारात त्याला आयती सापडतात. म्हणून आता तिथं बाभळीच्या फांद्यांऐवजी खांबांवर तारेची जाळी ताणून बसवतात. बाहेरून येणाऱ्या सिंहाइतकाच आतून बसणारा गुरांचा रेटाही तिनं सोसला पाहिजे. फाटक तेलाच्या पिंपांचा पत्रा सपाट करून बनवतात. पैसे कमी असतील तर आधी फाटक करा. जाळी नवी आणि दाराला मात्र काट्याची फांदी, अशा वाड्यावर केलेला खर्च पाण्यात जातो. उत्तर टांझानियात गुग्गुळाच्या कुळातल्या झाडांच्या फांद्याच खांब म्हणून रोवतात. त्या मूळ धरतात, त्यामुळे वाळवीनं खांब पोखरले जाण्याची कटकट राहत नाही.

तुमचा शत्रू मात्र सिंह नाही. लांडगा उकरतो आणि फटीतून शिरतो. तेव्हा जाळीचा खालचा दीड-दोन फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा अंथरा आणि त्यावर दगडांची रांग लावा. लांडगा नेमका कुंपणाच्या बुडाशी उकरतो आणि तिथंच त्याच्या पंजाखाली जाळी येते. करमाळ्याकडे बिबट्याचा वावर आहे, तिथं वरूनही जाळी हवी. बिबट्याला उघडा वाडा म्हणजे शिडी लावून ठेवल्यासारखा.

फिरत्या कळपाला हे सगळं पाठीवर नेता येत नाही. तिथं कुत्रा कामाचा. नामिबियात चित्त्यांसाठी काम करणारी एक संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची राखणीची पिल्लं देते. कुत्रा राखण करू लागला की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही, हा त्यामागचा हिशेब. पिल्लू साधारण दोन महिन्यांचं असतानाच कळपात सोडतात. ते मेंढरांतच झोपतं, तिथंच खातं. बहुतेक जण चुकतात ते इथंच. भाकरी घराच्या दारात मिळाली की कुत्रा घर राखतो, कळप नाही. वयात येताना तो कोकरांमागे खेळायला धावतो. तेव्हा दुर्लक्ष केलं तर ती सवय मोडत नाही. रेबीज आणि डिस्टेंपरची लस चुकवू नका. कारवानी कुत्रा या कामाला घेऊ नका, तो धावून शिकार धरणारा. राखणीला कळपाजवळ ठाण मांडणारा हवा.

शेताभोवती मधमाश्यांच्या पेट्या टांगून हत्ती रोखतात असं वाचलं. डाळिंब आणि मक्यात रानडुकरं येतात, त्यांना हे चालेल का?
– एक शेतकरी, सांगोला

नाही. हा उपाय हत्तीच्या स्वभावावर उभा आहे. सोंडेच्या आत, डोळ्यांभोवती आणि कानामागे माश्या डसतात, म्हणून हत्ती त्यांचा आवाज ऐकूनच मागे फिरतो. रानडुक्कर तारेखालून जाईल आणि त्याला कळणारही नाही.

पण रचना समजून घेण्यासारखी आहे. केनियात त्सावोजवळच्या सगल्ला भागात दर दहा मीटरवर एक खरी पेटी, मग एक पिवळी लाकडी नकली पेटी, अशी आळीपाळीनं टांगतात. एका एकराला साधारण बारा ते पंधरा खऱ्या आणि तितक्याच नकली पेट्या लागतात. तार पेटीपासून पेटीपर्यंत जाते, खांबाला आवळत नाहीत. हत्तीनं तार ढकलली की पेट्या हलतात आणि माश्या उठतात. खांबाला तार आवळली की पेट्या हलत नाहीत आणि ते नुसतं तारेचं कुंपण उरतं. पेटीवर सावलीचं छप्पर हवं आणि जवळ पाणी हवं. तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदींत शेताजवळ आलेल्या हत्तींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश परतले. मात्र २०१७ च्या दुष्काळानं बहुतेक पेट्या रिकाम्या पडल्या, आणि रिकामी पेटी कुणालाच अडवत नाही. सांगोल्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

गाईच्या पाठीमागे डोळे रंगवले की सिंह हल्ला करत नाही, हे खरं का?
– एक वाचक, बार्शी

बोत्सवानात ओकावांगोजवळ तपासलेलं आहे. चौदा कळपांतल्या दोन हजारांहून अधिक गुरांपैकी काहींच्या ढुंगणावर डोळे, काहींच्या फुल्या, बाकीची कोरी. डोळे रंगवलेलं एकही जनावर गेलं नाही. फुलीवाली ४ आणि कोरी १५ गेली. सिंह आणि बिबट्या दबा धरून येतात. आपल्याला पाहिलं गेलंय असं वाटलं की ते डाव सोडतात. लांडगा पाठलाग करतो, त्याला हे लागू नाही. रंगही काही आठवड्यांत उडतो.

नामिबियात गावांना वन्यप्राण्यांचा हक्क दिला, म्हणजे नेमकं काय दिलं?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

तिथं १९७५ च्या कायद्यानं खासगी शेतमालकांना, म्हणजे बहुतांशी गोऱ्यांना, आपल्या जमिनीवरच्या प्राण्यांपासून कमवायची मुभा होती. १९९६ च्या दुरुस्तीनं ती सामाईक जमिनीवरच्या गावांनाही मिळाली. १९९८ मध्ये गावांनी चालवायच्या अशा पहिल्या चार संवर्धनक्षेत्रांची नोंदणी झाली. आज ती ८६ आहेत आणि देशाच्या सुमारे एक-पंचमांश जमिनीवर पसरली आहेत. नोंदणीसाठी शेजारच्या गावांना मान्य असलेली हद्द, सभासदांची यादी, निवडलेली समिती, घटना आणि मिळकत कशी वाटायची याची योजना लागते. भांडणं होतात ती बहुधा हद्दीवरून आणि समितीनं हिशेब न दाखवल्यावरून. ही आपल्या ओळखीची गोष्ट.

मिळकत पर्यटनाची आणि शिकारीच्या परवान्यांची. शिकारीचा भाग आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. लांडगा तर त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. पर्यटनावर सगळी भिस्त ठेवली की काय होतं ते कोविडच्या काळात दिसलं : पाहुणे थांबले आणि प्राण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या राखणदारांचे पगार अडले.

उचलावी अशी गोष्ट म्हणजे त्यांची नोंदवही. गावातलाच राखणदार फिरताना पिवळ्या वहीत घटना लिहितो, महिन्याला निळ्या तक्त्यावर बेरीज होते, वर्षाला लाल कागदावर. आकडे गावातच राहतात, आधी अधिकाऱ्याकडे जात नाहीत. राखणदार फारसा शिकलेला नसला तरी चालतं, कारण एका घटनेला एक चौकट भरायची असते.

माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावांनी अशी वही ठेवली तर रकाने एवढेच ठेवा : तारीख, वेळ, गट नंबर, कोणता प्राणी (ठसा पाहिला की नुसता अंदाज), किती जनावरं गेली, वाडा बंद होता का, कुत्रा होता का. शेवटचे दोन रकाने लोक रिकामे सोडतात, कारण त्यात आपलीच चूक उघडी पडते. ते आधी भरून घ्या. आणि मेलेलं जनावर पंचनामा होईपर्यंत हलवू नका, नाहीतर भरपाईचा अर्ज तिथंच अडतो.